पुसलेलीं पात्रें

अमेरिकेंतील जुन्या कार्टून-चित्रपटांत कृष्णवर्णीयांचें जें विडंबन झालें, त्याचें आज काय करावें, हा प्रश्न टीकाकारांपुढें वारंवार येतो. ‘बंदी घाला’ आणि ‘कलेला हात लावूं नका’ या दोन आरोळ्यांत तो बहुधा हरवून जातो. आमच्या मतें या चित्रांच्या बाबतींत खरें नुकसान बंदीपेक्षां गुपचूप केलेल्या डागडुजीनेंच झालें आहे.

‘टॉम अँड जेरी’चेंच पहा. आपल्याकडील मुलेंही ज्या मांजर-उंदरावर लुब्ध आहेत, त्यांच्या १९४० पासूनच्या चित्रांत टॉमला झाडूनें बडविणारी एक स्थूल कृष्णवर्णीय मोलकरीण आहे. तिचें तोंड सहसा दिसत नाहीं. दिसतात पाय व सपाता, आणि ऐकूं येतो ठसकेबाज आवाज. पात्र अपमानकारक आहे यांत संशय नाहीं. गोऱ्यांच्या घरीं राबणारी, अशुद्ध बोलणारी ‘मॅमी’ हा तेथील करमणुकीचा जुनाच साचा होय. पण तो आवाज लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय नटीचा होता, आणि मोलकरणीची भूमिका सोडून दुसरें फारसें कांहीं तिच्या वाट्याला आलें नाहीं. पुढें १९६० नंतरच्या दशकांत दूरचित्रवाणीकरितां यांतील कांहीं चित्रें पुन्हा रेखाटलीं गेलीं. मोलकरणीचे पाय गोरे झाले, आणि जून फोरे या गोऱ्या नटीचा आयरिश ढंगाचा आवाज तिला मिळाला. अपमानाची भरपाई काय, तर अपमानितेलाच घराबाहेर काढणें!

‘फँटेशिया’ची गोष्टही तशीच. १९४० च्या मूळ चित्रांत गोऱ्या अश्वकन्यांचे खूर घासणारी एक काळी अश्वकन्या होती. १९६९ च्या पुनःप्रदर्शनापासून ती नाहींशी झाली.

याउलट १९६८ सालीं युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीनें वॉर्नरचीं अकरा चित्रें दूरचित्रवाणीवरून मागें घेतलीं, तीं निदान मोडतोड न करतां. बॉब क्लॅम्पेटचें १९४३ मधील ‘कोल ब्लॅक अँड डी सेबेन ड्वॉर्फ्स’ त्यांतलेंच. जॅझच्या तालावर धांवणारी त्याची रेषा पाहून चित्रकारानें थक्क व्हावें, आणि दांतांच्या जागीं फांसे असलेल्या त्या राजपुत्राकडे पाहून लाजेनें मान खालीं घालावी. दोन्ही अनुभव एकाच रेषेंतून येतात. एक कापून दुसरा राखतां येत नाहीं.

मुलांचें काय, असा आक्षेप येईल, व तो रास्त आहे. सहा वर्षांच्या मुलास इतिहास कळत नाहीं, चेहरा मात्र कळतो. कृष्णवर्णीय मुलास तर तो त्याचाच म्हणून दाखविला जातो. आरंभीं झळकणारी लेखी सूचना तेथें निरुपयोगी. ‘डंबो’मध्यें कावळ्यांच्या पुढाऱ्याचा आवाज एका गोऱ्या नटानें कृष्णवर्णीयांची नक्कल करून दिला आहे. डिस्नेनें २०२१ मध्यें तें चित्र आपल्या आंतरजालीय सेवेच्या बालविभागांतून काढलें व प्रौढांकरितां ठेवलें; ही व्यवस्था आम्हांस पटते.

त्या अकरांपैकीं आठ चित्रें २०१० सालीं हॉलिवुडमधील एका चित्रपट-महोत्सवांत दाखविण्यांत आलीं, तेव्हां प्रास्ताविक डोनाल्ड बोगल या कृष्णवर्णीय चित्रपट-इतिहासकारांनीं केलें. असे प्रयोग आणखी व्हावेत, आणि रँडॉल्फबाईंचा मूळ आवाजही तेथें ऐकूं यावा.