शार्लट विधी महाविद्यालय : मान्यता आणि नफा

अमेरिकेत विधी महाविद्यालयांना मान्यता देण्याचे काम अमेरिकन बार असोसिएशन ही वकिलांची संघटना करते. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांना तिची दारे पूर्वी बंद होती. १९९५ मध्ये केंद्रीय न्याय विभागाने मक्तेदारीविरोधी कायद्यान्वये तिच्यावर दावा दाखल केला. १९९६ च्या तडजोडीच्या हुकूमनाम्यानंतर, केवळ नफ्याच्या कारणावरून मान्यता नाकारणे संघटनेला शक्य राहिले नाही. या मोकळ्या वाटेने २००६ मध्ये इन्फिलॉ समूहाचे शार्लट विधी महाविद्यालय नॉर्थ कॅरोलिनात सुरू झाले. त्यास २००८ मध्ये तात्पुरती व २०११ मध्ये पूर्ण मान्यता लाभली.

या मान्यतेमुळे पदवीधरास बार परीक्षेस बसता येई आणि विद्यार्थ्यास केंद्र सरकारचे शैक्षणिक कर्ज मिळे. कर्जातून भरलेले शुल्क संस्थेकडे आधीच जमा होई. परीक्षेतील अपयश व परतफेड मात्र विद्यार्थ्याच्या वाट्यास येई. अशा व्यवस्थेत प्रवेशाचा उंबरठा खाली आणण्याचा मोह अटळच होता. नियम नव्हता असेही नाही. ज्यास हा अभ्यासक्रम झेपणार नाही त्यास प्रवेश देऊ नये, असे संघटनेचे मानकच आहे. मात्र त्याच्या भंगावरून संस्थेस परिवीक्षेखाली ठेवण्यास नोव्हेंबर २०१६ उजाडला. पुढच्याच महिन्यात शिक्षण विभागाने कर्जसाहाय्य नाकारले. मान्यतेच्या निकषांबाबत संस्थेने विद्यार्थ्यांची दिशाभूल केली, असा ठपकाही ठेवला. ऑगस्ट २०१७ मध्ये महाविद्यालय बंद झाले. संघटनेचे आक्षेप तत्पूर्वीच संस्थेस कळविले गेले होते. शुल्क भरणारे विद्यार्थी त्याविषयी अंधारात होते.