खालच्या पट्टीतला माणूस

माझा आवाज खालचा आहे. स्वभावानं नव्हे, गळ्यानं. बँकेत याचा काही त्रास होत नाही, कारण क्लार्कचा आवाज कुठल्याही पट्टीत लागला तरी तो ऐकून घेण्याची तिथे पद्धत नाही. त्रास होतो तो बँक सुटल्यावर, देवाच्या दारात.

घनसावंगीला बदली होऊन आलो आणि पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी मला भजनी मंडळात नेऊन बसवलं. या तालुक्यातच जांब आहे, समर्थ रामदासांचं जन्मगाव. जिथे १६०८ साली समर्थ जन्मले त्या मुलखात येऊन "मला गाता येत नाही" असं सांगणं मला जड गेलं. बुवांनी पेटीवर काळी चार धरली. पहिली ओळ कशीबशी निभावली. अंतरा आला तेव्हा मंडळी वर गेली आणि मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा राहिलो. मग चोरून खालच्या सप्तकात गायला लागलो. बुवांनी दोन ओळी सहन केलं. तिसरीला पेटी न थांबवता, मानेनंच खुणावून म्हणाले, "साहेब, तुम्ही टाळ घ्या."

टाळ घेतले. पुढच्या एकादशीला निरोप आला, टाळ जरा हळू.

आरतीत तर पेटीचाही आधार नसतो. तिथे जो सगळ्यांत मोठ्यानं सुरू करतो तो पट्टी ठरवतो, आणि हा मान बहुधा गावातल्या सर्वांत बारीक आवाजाच्या गृहस्थाकडे जातो. बाकी सगळे माना ताणून त्याच्यामागे धावतात. शंभर माणसं आणि चाल एक, तिला जायला वाटही एकच. ज्याला त्या वाटेनं जाता येत नाही त्यानं टाळ्या वाजवायच्या. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी टाळ्याच वाजवत आलो होतो.

आमचे हेड कॅशियर जालन्याहून अप-डाऊन करतात. ख्रिस्ती आहेत. नोटांच्या गड्ड्या मोजताना गुणगुणतात, पण जे गुणगुणतात ती चाल कधी ओळखू येत नाही. एकदा विचारलंच. म्हणाले, "अहो, ही चाल नाहीच. हा टेनर आहे. चाल बायका म्हणतात." मला वाटलं, बायको माहेरी गेली असावी. मग त्यांनीच आमंत्रण दिलं. "नाताळ जवळ आलाय. रविवारी संध्याकाळच्या उपासनेला या. शेवटची एसटी चुकेल, तेव्हा मुक्कामाला आमच्याकडेच."

जालन्याला ख्रिस्ती मंडळी काल-परवा आलेली नाहीत. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घराण्यातले गृहस्थ १८४३ मध्ये ख्रिस्ती झाले, पुढे त्यांनी जालन्यात मिशनचं काम सुरू केलं आणि जवळच बेथेल नावाचं गाव वसवलं. म्हणजे तिथल्या गाण्याची वहिवाट आमच्या बँकेच्या शाखेपेक्षा कितीतरी जुनी.

मी मागच्या बाकावर, खांबाआड बसलो. खाली मान घालून बसायचं, उठतील तेव्हा उठायचं, असा बेत होता. गायन मंडळ उभं राहिलं. बारा-तेरा माणसं असतील. पहिलं गाणं सुरू झालं आणि मी खांबाच्या पुढे आलो. चाल होती बायकांकडे. तिच्या जरा खाली दुसऱ्या काही बाया वेगळंच काहीतरी म्हणत होत्या. आमचे कॅशियर त्यांच्या खाली, तेच गड्डीचं गुणगुणणं, आता मोठ्यानं. आणि सगळ्यांच्या खाली, टोकाला उभे असलेले एक सत्तरीचे कंपाउंडर दादा. ते जेमतेम चार-पाच सुरांत फिरत होते. वर जायची त्यांना घाई नव्हती, कुणी ओढतही नव्हतं. ते जिथे होते तिथेच हवे होते.

सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. या चार नावांखाली माणसांच्या गळ्यांची वाटणी करायची आणि प्रत्येकाला त्याच्या आवाक्यातली ओळ द्यायची, ही साधी सोय युरोपातल्या लोकांनी काही शतकांपूर्वी करून ठेवली. मी बी.कॉम. आहे. चार रकान्यांत चार वेगळे आकडे आणि तळाशी बेरीज बरोबर, हे सुख मला समजतं. पण माणसांचा असा ताळा बसलेला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

रात्री जेवताना कॅशियरांनी मोबाइलवर इंग्लंडातली संध्याकाळची उपासना ऐकवली. तिला ते इव्हनसाँग म्हणतात. आर्चबिशप क्रॅनमरनं १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात मठांमधल्या सायंकाळच्या आणि झोपण्यापूर्वीच्या अशा दोन उपासना एकत्र करून ती बसवली. बीबीसी ७ ऑक्टोबर १९२६ पासून ती रेडिओवर देत आली आहे. तिच्यात दोन गीतं ठरलेली: एक मरीयेचं, दुसरं म्हाताऱ्या शिमोनाचं. शब्द तेच, आणि संगीतकार मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्यांना नव्यानं चाली लावत आलेले. स्टॅनफर्ड नावाच्या गृहस्थांनी १८७९ मध्ये लावली, मग आणखी चार-पाचदा लावली. हॉवेल्सनं तर वीसेक वेळा. आपल्याकडे एका भावगीताला दुसऱ्यानं चाल लावली तर दोन्ही घरांचं जाणं-येणं बंद होतं.

ते गाणं फार सुंदर आहे, यात वाद नाही. उंच दगडी छताखाली आवाज धुरासारखा वर चढतो आणि विरायला वेळ घेतो. पण तासभर ऐकल्यावर माझ्यातला टाळकरी जागा झाला. तिथे गातं गायन मंडळ, आणि मंडळी बहुतेक वेळ ऐकत बसते. अशा जागी माझ्यासारख्याला कोण विचारणार? फक्त टाळ हळू वाजवा असं सांगणार नाहीत, कारण टाळच नाहीत. जालन्याच्या उपासनेत निदान मागच्या बाकावरची म्हातारी ओठ हलवत होती.

आता त्या जालन्याच्या गाण्याविषयी. पाहुणा होतो, जेवलोही त्यांच्याकडे, तरी लिहितो.

मराठी ख्रिस्ती मंडळींच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात दोन प्रकारची गाणी शेजारी शेजारी नांदतात. काही इंग्रजी गाण्यांची भाषांतरं, त्यांच्या मूळ चालींसकट. बाकीची आपल्या पद, अभंग, ओवीच्या वळणाची. भाषांतरांची गंमत अशी, की इंग्रजी चाल बरेचदा हलक्या पावलानं सुरू होते आणि वजन दुसऱ्या पावलावर टाकते. मराठी शब्दाला ही चाल माहीत नाही. मग 'येशू' चा 'येशूऽऽ' होतो, 'देवा' चं सगळं वजन 'वा' वर पडतं, आणि ऱ्हस्व-दीर्घाचे तर असे हाल होतात, की आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंनी देवळातच छडी काढली असती. चौघांचे सूर सुरेख जुळतात आणि शब्द मात्र दुसऱ्याचा कोट घालून लग्नाला आल्यासारखे उभे असतात.

ही अडचण रेव्हरंड नारायण वामन टिळकांना कळली होती. फुलामुलांचे कवी म्हणून आपण त्यांना ओळखतो, 'स्मृतिचित्रे' मुळे लक्ष्मीबाईंचे यजमान म्हणून अधिक ओळखतो. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १९१९ मध्ये वारले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी मराठी गाणं घातलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. तो पूल त्यांनी मागे पाडून टाकला नाही, त्याच्यावरून टाळ-मृदंग पलीकडे नेले. त्यांची पदं त्या संध्याकाळी सुरू झाली तशी मागची म्हातारी नुसते ओठ हलवायची थांबली आणि खणखणीत गायला लागली.

पण टिळकांच्या पदांना चौघांची वाटणी सोसत नाही. आपली चाल एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, मधे रेंगाळते. चार जणांनी एका वेळी घसरायचं म्हणजे पावसाळ्यातला आमचा बसस्टँड. म्हणून तिथे सगळे पुन्हा एका ओळीत येतात, बुवांच्या पट्टीत, आणि कंपाउंडर दादा गप्प उभे राहतात. शब्द आपले झाले की माझ्या आवाजाच्या माणसानं बाहेर जायचं, आणि त्याला आत घेतलं की शब्द परके व्हायचे, असा हा पेच आहे. याला टिळक जबाबदार नाहीत, स्टॅनफर्डही नाहीत. पण अभंगाचा अभंगपणा न घालवता त्याच्याखाली एक शांत, न घसरणारी ओळ घालणारा कुणी निघायला हवा. तंबोरा तेच तर करतो. आणि ज्या पेटीवर आमचे बुवा काळी चार धरतात, तीही मूळची युरोपातूनच आली की! आकाशवाणीनं १९४० मध्ये तिला परकी म्हणून बाहेर काढलं, १९७१ मध्ये थोडं दार उघडून परत घेतलं. भजनी मंडळांनी एक दिवससुद्धा तिला बाहेर ठेवलं नव्हतं.

दुसऱ्यांदा गेलो ते ईस्टरच्या सुमाराला. गायन मंडळात आता आठ जण होते. तरुण मुलं पुण्या-मुंबईला नोकरीला. एक कीबोर्ड आला होता. त्याच्या पोटात तबला, व्हायोलिन आणि म्हणे अख्खं गायन मंडळसुद्धा होतं. माइक दोन, दोन्ही सोप्रानोपुढे. पहिलं गाणं सुरू झालं. चाल बरोबर होती, आल्टो बरोबर, कॅशियर बरोबर, तरी सगळं गाणं जमिनीपासून वीतभर वर तरंगत होतं. कुठे चुकतंय ते कळेना. मग टोकाकडे पाहिलं. दादा नव्हते. गुडघ्याचं ऑपरेशन, दोन महिने उठायचं नाही.

कीबोर्डवाल्या मुलानं एक बटण दाबलं. बासचा सूर आला. घोगरा, जाड आणि अगदी वेळेवर. दादा मात्र वेळेवर नसत. ते बाकीच्यांचा श्वास ऐकून मग ठेवत, एक केसभर उशिरा, आणि त्या केसभरात बाकीचे तिघे निश्चिंत होत. बटण कुणासाठी थांबत नव्हतं. आठही जण आपापली ओळ घट्ट धरून, एकमेकांकडे न बघता, बटणामागे धावत होते. मला आमची आरती आठवली.

उपासना संपल्यावर आम्ही दादांना भेटायला गेलो. ते खाटेवर बसून होते, गुडघ्याला पट्टा. माझ्या दोन वाक्यांतच त्यांनी मान तिरकी केली. "साहेब, जरा 'सा' लावा." मी लावला. "आणखी खाली." लावला. "आणखी." लावला. खाट थरथरल्यासारखी वाटली. दादा कॅशियरांकडे वळून म्हणाले, "इतके दिवस हा माणूस बँकेत काय करत होता रे?"

त्यांनी मला एक जुनी वही दिली. त्यात स्वरलिपी नाही, नुसती डो-रे-मीची आद्याक्षरं, मिशनच्या काळातली रीत. तीन गाण्यांच्या फक्त खालच्या ओळी. चाल कुठेच लिहिलेली नाही. वाचायला घेतलं की वाटतं, कुणीतरी फोनवर बोलतंय आणि आपल्याला एकच बाजू ऐकू येतेय. दोन महिने मी घनसावंगीतल्या खोलीत त्या एका बाजूचा सराव केला. शेजाऱ्यांच्या मुलानं आईला विचारल्याचं कानावर आलं, की काकांना कुणी रागावलंय का.

दादा आता काठी घेऊन उभे राहतात. देवळात मी गात नाही. मी पाहुणा आहे, आणि ती उपासना त्यांची आहे. पण सरावाला, शनिवारी, दादा मला शेजारी उभं करतात.

परवा गावात आरती होती. बारीक आवाजाच्या गृहस्थांनी नेहमीप्रमाणे आभाळात सुरुवात केली. मी डोळे मिटले आणि दादांसारखा केसभर थांबून, खूप खाली, एक सूर धरून ठेवला. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. कुणी टाळ दिले नाहीत. बुवांनी मात्र हळूच मागे वळून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पुढे पाहिलं, आणि तिसऱ्या कडव्याला बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच पट्टी जरा उतरवली. आरती संपल्यावर जवळ आले. म्हणाले, "साहेब, मघाशी खालून काहीतरी येत होतं. तुम्हीच ना?"

मी म्हटलं, "हो."

"मला वाटलं, गिरणीची मोटर राहिली चालू."