दुसरा प्रश्न

नभोवाणीवरची मुलाखत मुख्यतः पाहुण्यासाठी असते, अशी आपल्याकडे एक समजूत होऊन बसली आहे. पाहुणा मोठा, म्हणजे मुलाखत मोठी! वस्तुतः ती ज्याच्यासाठी असते तो माणूस ध्वनिमुद्रणाच्या खोलीत कधीच नसतो. तो कोपरला स्वयंपाकघरात कणीक मळत असतो; नाही तर कानात इअरफोन खोचून तिथल्याच खालच्या फलाटावर लोकलची वाट पाहत असतो, आणि डोक्यावरून दिवा-वसई मार्गावरची गाडी धडधडत गेली की मधली दोन वाक्ये त्याच्या हातची जातात. वाचकाला पान मागे उलटता येते. याला ती सोय नाही. शंका आली तरी त्याला हात वर करता येत नाही. त्याचा हात मुलाखतकाराने वर करायचा असतो.

गेल्या वर्षभरात न्याय, चित्रपट आणि आहार या विषयांवरच्या स्थानिक केंद्रांवरील मुलाखती मी बऱ्यापैकी नेमाने ऐकल्या. (त्यावरून घरात थोडी कुरबूरही झाली, नेमक्या त्याच वेळी कोणाला तरी गाणी हवी असतात.) पाहुणे बहुधा जाणते होते, मुलाखतकारांचे आवाज गोड होते. उणीव भासली ती दुसऱ्या प्रश्नाची. पहिला प्रश्न कागदावरून येतो. दुसरा उत्तरातून यावा लागतो, आणि त्यासाठी उत्तर ऐकावे लागते. पाहुणा बोलत असताना आमचे मुलाखतकार पुढचा कागद वाचत असावेत, असा माझा दाट संशय आहे.

चित्रपटांच्या बाबतीत हे एक वेळ सोसता येते. तिथे नुकसान फार तर करमणुकीचे. तरीही अमीन सायानी यांच्या 'एस्. कुमार्स का फिल्मी मुकदमा'ची आठवण येते. सिनेमातल्या माणसांवर लटका खटला भरण्याची ती युक्ती दिसायला पोरकट. पण खटला म्हटला की आरोप आला, आरोप आला की खुलासा आला, आणि नुसत्या 'वा, छान!'वर कोणाची सुटका होण्याची सोय राहिली नाही.

न्यायाच्या विषयात मात्र 'वा, छान!' महाग पडते. एका मुलाखतीत वकीलसाहेब म्हणाले, "गरजूंना मोफत वकील मिळतो." "वा, छान!" आणि पुढचा प्रश्न. अहो, गरजू म्हणजे कोण? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, बालके, अनुसूचित जातीजमातींची माणसे, कोठडीतील माणूस आणि औद्योगिक कामगार यांना या मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. नवऱ्याला पगार आहे म्हणून आपल्याला वकील मिळणार नाही, असे समजून गप्प बसलेली बाई ती मुलाखत ऐकत असेल, तर तिच्यासाठी हे एक वाक्य सबंध अर्ध्या तासापेक्षा मोलाचे होते. लोकअदालतीचेही तसेच. न्यायालयीन शुल्क परत मिळते, हे सगळे हौसेने सांगतात. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, आणि तडजोड पटली नाही तर 'नाही' म्हणता येते, मग प्रकरण पुन्हा न्यायालयाकडे जाते, हे विचारल्याशिवाय कोण सांगणार?

आहाराच्या मुलाखती ऐन दिवाळीच्या तोंडावर बहरतात. "साखरेऐवजी गूळ वापरा," असे सांगून तज्ज्ञ मोकळे होतात. मधुमेह असलेल्या आजोबांनी तो लाडू खावा काय? गुळानेही रक्तातली साखर चढतेच. पण हा प्रश्न कोणी विचारीत नाही, आणि आजोबा निर्धास्तपणे दुसरा लाडू उचलतात. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, हे खरे. पण नाचणीतही पिष्ट असतेच.

हे काम आपल्याला न जमणारे आहे असे मात्र नव्हे. मुंबई 'ब' केंद्रावरचे 'प्रपंच' ज्यांनी ऐकले आहे त्यांना टेकाडे भावजी आठवत असतील. बाळ कुडतरकरांचे ते भावजी, नीलम प्रभूंच्या मीना वहिनी आणि प्रभाकर जोशींचे पंत घरातल्या आणि बाहेरच्या गोष्टींवर बोलत. ती मुलाखत नव्हती, संवाद लिहिलेले असत. तरी एक जण बोलला की दुसऱ्याचे बोलणे त्यातूनच फुटे. लिहून आणलेल्या संवादांना जे साधले, ते खऱ्याखुऱ्या गप्पांना साधू नये, याचे नवल वाटते.

एकदाच अपवाद कानी आला. आहारतज्ज्ञ बाई नाचणीचे गुणगान करीत होत्या. मुलाखत घेणारी मुलगी नवखी असावी, ती मध्येच म्हणाली, "मग नाचणीची बिस्किटं चालतील का हो?" बाई क्षणभर थांबल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "पुड्याची मागची बाजू वाचा. जो पदार्थ सगळ्यात जास्त, त्याचं नाव पहिलं छापलेलं असतं." मी उठून फडताळातला पुडा काढला. पहिला मैदा, दुसरी साखर, मग तेल. नाचणी चौथी होती.