वीरगळ

शिवालयाच्या आवारात अर्धी मातीत रुतलेली, शेंदराच्या पुटांखाली रेषा हरवून बसलेली उभी शिळा आपण सगळ्यांनीच पाहिलेली असते. झुंजता झुंजता पडलेल्या माणसाचे ते स्मारक, वीरगळ. या नावातला ‘वीर’ ओळखीचाच. मन रेंगाळते ते ‘गळ’पाशी. कन्नडात दगडाला ‘कल्लु’ म्हणतात, आणि समासात उत्तरपदाच्या आरंभीचा कठोर ‘क’ त्या भाषेत मृदू ‘ग’ होतो, म्हणून ‘वीरगल्लु’. मराठीच्या ओठी येता येता त्याचा उकार गळाला आणि ‘ल’चा ‘ळ’ झाला. तमिळातला ‘नडुकल्’, म्हणजे रोवलेला दगड, याच कुळातला. संस्कृताचा वीर आणि द्राविडी पाषाण यांना चार अक्षरांत असे एकजीव करणारा हा शब्द उच्चारताना, ज्या यादवांचे शिलालेख कन्नडात, संस्कृतात आणि मराठीतही आढळतात, त्यांच्या काळचा सारा सीमाप्रदेश कानाशी येतो.

आता शिळेकडे वळू. ती खालून वर वाचायची. तळाशी आडवा पडलेला देह. शेजारी गाई कोरलेल्या असतील तर गोधन राखताना आलेले मरण. त्यावर तलवारी-ढालींची झुंज, मग वीराला हाती धरून नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर कलश, चंद्र, सूर्य: ते दोघे आहेत तोवर ही कीर्ती राहो, एवढेच मागणे. मुंबईत बोरिवलीच्या एकसरला तर हीच झुंज समुद्रावर चालली आहे. वल्ह्यांच्या रांगा मिरवणारी जहाजे पाषाणात एकमेकांवर चाल करून जातात. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यात १२६५च्या सुमारास झालेल्या सागरी युद्धाशी अनेक अभ्यासक या शिळांचे नाते जोडतात. राजांची नावे अशी तर्काने तरी हाती लागतात. वल्ही मारणाऱ्यांची कुठून लागणार?

कर्नाटकातल्या अनेक वीरगळांवर लेख असतो, वीराचे नावही असते. आपल्याकडच्या बहुतेकांवर अक्षर नाही. जे सांगायचे ते आकृतींनीच सांगितले आहे. म्हणून आपल्या गावच्या वीरगळावर कुणी भक्तीने ऑइलपेंट चढवू लागला, तर त्याला आदराने थांबवा आणि खालच्या चौकटीपासून ती शिळा वाचून दाखवा.