चोराची ऐट

गेल्या दिवाळीत फराळाचे ताट पुढ्यात ओढून घेत माझ्या नातवाने मला एक जपानी चित्रपट दाखवला. मध्येच हातातली चकली खाली ठेवून तो म्हणाला, "आजोबा, हा तर चोर आहे ना? मग तो पकडला जाऊ नये असं मला का वाटतंय?"

प्रश्न माझ्या ओळखीचा होता. सोलापुरात, गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या आमच्या गल्लीत, बाबुराव अर्नाळकरांची पुस्तके भाड्याने आणून पांघरुणात दडून वाचताना तो मलाही पडला होता. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांतला धनंजय हा गुन्ह्यांचा शोध लावणारा, म्हणजे रीतसर सज्जन. पण आमचा जीव अडके तो कायद्याच्या कुंपणापलीकडे वावरणाऱ्या काळ्या पहाडात. वडीलधारी मंडळी ह्या वाचनाला नाके मुरडीत, आणि आम्ही पुढचे पुस्तक आणीत असू.

नातवाने दाखवलेला चित्रपट हायाओ मियाझाकी यांचा, १९७९ सालचा 'कॅसल ऑफ कॅग्लिओस्ट्रो'. त्याचा नायक तिसरा ल्युपिन. मॉरिस लब्लाँ ह्या फ्रेंच लेखकाने १९०५ मध्ये जन्माला घातलेल्या सभ्य चोराचा हा नातू. १९६७ मध्ये तो जपानी चित्रकथेत अवतरला. चित्रपटाच्या आरंभीच ल्युपिन आणि त्याचा जोडीदार एक जुगारखाना लुटतात. मोटार नोटांनी गळ्यापर्यंत भरलेली. इतक्यात नोटा खोट्या असल्याचे ध्यानात येते, आणि दोघे ती सगळी रास बिनदिक्कत वाऱ्यावर उधळून देतात!

मला वाटते, नातवाच्या प्रश्नाचे उत्तर ह्या एका प्रसंगात आहे. आपल्याला लूट आवडत नसते. आवडते ते कसब. हातमागावर सरसर पळणारा धोटा पाहणारा माणूस कापडाचा भाव विचारायचे विसरतो, तसेच हे.

पण ह्या ऐटीलाही किंमत पडते. सेइजुन सुझुकी ह्या दिग्दर्शकाने निक्कात्सू कंपनीत १९५६ ते १९६७ ह्या काळात सुमारे ४० चित्रपट काढले. कथा कंपनीची, नट कंपनीचे, मुदतही कंपनीची. गिरणीच म्हणा ना. सूत दुसऱ्याचे, तेव्हा सुझुकींनी नक्षी आपली काढली. 'टोकियो ड्रिफ्टर' (१९६६) मधला त्यांचा गुंड फिकट निळा सूट घालून स्वतःचेच गाणे गात हिंडतो. 'ब्रँडेड टू किल' (१९६७) मधल्या भाडोत्री मारेकऱ्याला शिजत्या भाताच्या वासाचे वेड आहे, आणि ऐन वेळी बंदुकीवर फुलपाखरू बसल्यामुळे त्याचा नेम चुकतो. असले चित्रपट कुणाला कळत नाहीत, असे म्हणून मालकाने १९६८ मध्ये त्यांना काढून टाकले. सुझुकी न्यायालयात गेले. १९७१ मध्ये तडजोड झाली. पण नवा कथापट त्यांच्या हातून पडद्यावर यायला १९७७ उजाडले. त्या निळ्या सुटात मला नुसती चैन दिसत नाही ती ह्यामुळे.

तरीही एक शंका उरतेच. कसबावर भाळलेला प्रेक्षक, ज्याचे नुकसान झाले त्याला विसरत तर नाही? ही शंका पडद्यावरच मांडली ती अकिरा कुरोसावा यांनी, 'हाय अँड लो' (१९६३) मध्ये. चपलाबुटांच्या कारखान्यातल्या एका बड्या अधिकाऱ्याचा मुलगा समजून त्याच्या मोटारचालकाचा मुलगा पळवला जातो. दुसऱ्याच्या पोरासाठी ३ कोटी येन द्यावेत, तर स्वतःचे दिवाळे निघणार. धावत्या आगगाडीची एक खिडकी जेमतेम ७ सेंटिमीटर उघडते. पैशांच्या बॅगा तेवढ्याच जाडीच्या आणायच्या आणि तिथून बाहेर टाकायच्या. ही योजना पाहताना आपण मनातल्या मनात "वाहवा!" म्हणतो आणि लगेच ओशाळतो. पुढे काळ्यापांढऱ्या चित्रपटात एका चिमणीतून अचानक गुलाबी धूर वर चढतो. त्यातली एक बॅग कुठेतरी जळत असते. आमच्या गावाला चिमणीचा धूर नवा नाही. पण कोणाचे काय जळते आहे हे सांगणारा धूर मी तिथेच पाहिला. अखेरीस गुन्हेगार आणि तो अधिकारी समोरासमोर बसतात, तेव्हा मधल्या काचेत एकाचा चेहरा दुसऱ्यावर उमटतो. टेकडीवरचे घर आणि खालची कोंदट खोली ह्यांच्यातले अंतर कुरोसावांनी त्या काचेएवढे करून टाकले आहे.

मी नातवाला म्हटले, "चोर आवडला तर आवडू दे. मात्र उधळलेल्या नोटा कुणाच्या होत्या, एवढं विचारत जा."

"पण आजोबा, त्या तर खोट्या होत्या!"

निरुत्तर होऊन मी चकली उचलली. ह्या दिवाळीत मात्र त्याला कुरोसावा दाखवणार आहे. त्यातल्या नोटा खऱ्या आहेत.