रेषा सोडणारा रोबो आणि रुळावरचे आपण

मंडळी, विषय वाचून काहीजण हसले, ते मला इथून दिसलं. तत्त्वज्ञानाचा म्हातारा मास्तर रोलर कोस्टरवर काय बोलणार? पण झालं असं, की नातवाने संगणकावरच्या 'प्लॅनेट कोस्टर' या खेळात 'वॉल-ई' चित्रपटावर एक कोस्टर उभा केला आणि विचारलं, आजोबा, कसा झाला? तेव्हा नुसतं छान म्हणालो. ते उत्तर आज मौद्यात तुमच्यासमोर पुरं करतो.

'वॉल-ई' हा २००८ चा, अँड्र्यू स्टँटन यांचा ॲनिमेशनपट. पृथ्वीचा उकिरडा करून माणसं ७०० वर्षं एका यानात राहतायत. तरंगत्या खुर्चीत बसायचं, डोळ्यांसमोर पडदा, आणि खुर्ची आखलेल्या उजळ रेषेवरून आपोआप जाणार. आता सांगा, हे वर्णन कशाचं आहे? रोलर कोस्टरचंच की! चित्रपट ज्याची थट्टा करतो, तेच आपण तिकीट काढून करायचं.

त्यात मो नावाचा छोटा सफाई-रोबो आहे. वॉल-ईच्या चाकांचे मातीचे डाग रेषेबाहेर गेलेले. मो काठावर येतो, घुटमळतो, आणि टुणकन रेषा सोडतो. माझ्या मते सबंध चित्रपट त्या उडीत आहे. कोस्टरला नेमकं तेवढंच करता येत नाही. जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये रुळाच्या खालून चाक लावण्याचं पेटंट घेतलं, ते गाडीने रूळ सोडू नये म्हणूनच.

नातवाने स्थानकाभोवती कचऱ्याचे मनोरे रचले, वॉल-ईची चित्रं लावली, आणि पुढे नेहमीच्या तीन कोलांट्या. त्या कुठल्याही चित्रपटाला चालल्या असत्या. पोराला कशाला बोल लावायचा, मोठमोठे लोकही सजावट गोष्टीची करतात आणि रूळ कॅटलॉगमधला घेतात.

खोपोलीजवळच्या इमॅजिकात 'मिस्टर इंडिया'वर राइड आहे, पण ती सिम्युलेटर. गोष्ट पडद्यावर, खुर्ची नुसती हलते. तिथलाच 'डीप स्पेस' हा बंदिस्त, अंधारातला कोस्टर. त्याच्यामागे चित्रपट नाही, तरी मला तोच प्रामाणिक वाटतो. पुढचं वळण दिसत नाही, म्हणून अवकाश अंगाला कळतं. फ्लोरिडातल्या १९७५ च्या 'स्पेस माउंटन'चं गुपित हेच. वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास. आपल्या भंडारा रोडवरचे ट्रक याहून जोरात जातात, बरं का! पण अंधारात तोच वेग दुप्पट वाटतो.

मग 'वॉल-ई'चा कोस्टर कसा हवा? चढ संथ आणि मुका, कारण चित्रपटाच्या सुरुवातीला संवाद जवळजवळ नाहीतच. माथ्यावरून गाडी सुटते तेव्हा क्षणभर अंगाचं वजन जातं. अग्निशामक नळकांड्याच्या जोरावर अवकाशात नाचणारा वॉल-ई तिथे चित्राशिवाय आठवला पाहिजे. तळाशी तेच वजन दुप्पट-तिप्पट होतं. यानाचा कप्तान पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभा राहतो, तेव्हा त्यालाही असंच जड झालं असेल. आणि शेवटी गाडी स्थानकाच्या अलीकडे थांबावी, पुढचा दांडा वर जावा, आणि लोकांनी उठून पायी एका उघड्या अंगणात यावं. तिथे जुन्या बुटात लावलेलं एक रोप. बाकी काही नको.

हे ऐकून नातू म्हणाला, आजोबा, मागची रांग खोळंबेल, मालकाला परवडायचं नाही. बरोबर आहे त्याचं. पण उतरायचा फलाट वेगळा आणि चढायचा वेगळा, अशी सोय कितीतरी कोस्टरना असतेच. काल फोनवर त्याला तेवढं सांगितलं. आता तो कोलांट्या काढायला तयार नाही.