शेवटचा शब्द म्हणजे आडनाव?

शाळेच्या कार्यालयात संगणक आल्यापासून विद्यार्थ्यांची अकारविल्हे यादी कारकुनाऐवजी यंत्र लावते. त्यासाठी एक सोपी कृती सर्रास शिकवली जाते: पूर्ण नाव एका रकान्यात ठेवा, शेवटच्या मोकळ्या जागेनंतरचा शब्द तोडून घ्या, तेच आडनाव समजा आणि त्यावर ‘ऑर्डर बाय’ लावा. एका ओळीत काम भागते म्हणून ती लोकप्रिय आहे. आमच्या मते ती चूक आहे, आणि महाराष्ट्रात ती शिकवली जावी याचे आम्हांला नवल वाटते.

अकलूजचे मोहिते पाटील, प्रवरानगरचे विखे पाटील, सावंतवाडीचे सावंत भोसले ही आपल्या ओळखीची घराणी. या कृतीने पहिली दोन ‘पाटील’ होऊन ‘प’मध्ये जातात, तिसरे ‘भ’मध्ये. फलटणचे नाईक निंबाळकर ‘न’मध्येच राहतात, पण तो निव्वळ योगायोग. गायिका अश्विनी भिडे-देशपांडे यांच्या आडनावात जोडरेघ असेल तर त्या ‘भ’मध्ये, टंकलेखकाने रेघ गाळली की ‘द’मध्ये. एकच व्यक्ती, दोन जागा!

विठ्ठलवाडीसारख्या ठिकाणी हा प्रश्न आणखी गुंततो. स्थानक कल्याण आणि उल्हासनगर यांच्या मधले. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत आले, त्यातून उल्हासनगर उभे राहिले. या पट्ट्यातल्या वर्गात मराठी, सिंधी, उत्तर भारतीय आणि तमिळ मुले शेजारी बसतात. तमिळ नावात पुष्कळदा आडनावच नसते. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर (नोबेल १९८३) यांचे स्वतःचे नाव चंद्रशेखर. सुब्रह्मण्यन हे वडिलांचे. तिथे शेवटचा शब्द तोडला की मुलाचे नाव आडनावाच्या रकान्यात जाते आणि वडिलांचे नाव मुलाला चिकटते. यादीतला क्रम चुकला तर फार बिघडत नाही. पण तोच तुकडा पुढे प्रमाणपत्रावर छापला गेला की दुरुस्तीच्या खेपा पालकांनाच घालाव्या लागतात.

शेवटून नको, पुढून मोजू, असे कोणी म्हणेल: नाव, वडिलांचे नाव, तिसरे आडनाव. तेही आता टिकणार नाही. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने आईचे नाव घातले आहे, म्हणजे आडनाव चौथे. शब्द मोजून आडनाव सापडत नाही, कारण ते शब्दांच्या संख्येत नसतेच. ते त्या कुटुंबालाच ठाऊक असते. म्हणून ते विचारून वेगळ्या रकान्यात लिहून घ्यावे, आणि ‘यादीत कोणत्या अक्षराखाली’ यासाठी आणखी एक रकाना ठेवावा. ग्रंथपाल हे फार पूर्वीपासून करत आले आहेत. ‘वॅन डर वाल्स’ हे नाव नेदरलँड्समध्ये ‘डब्ल्यू’खाली शोधतात, शेजारच्या बेल्जियममध्ये ‘व्ही’खाली, हे कोणते सूत्र ओळखणार?

रकाने वेगळे केले तरी ते पुन्हा जोडून एकत्र लावू नयेत. ‘मोहिते पाटील’ कुटुंबातली मुले मग ‘मोहिते नीता’ आणि ‘मोहिते प्रकाश’ यांच्या मध्ये येऊन बसतात. आधी आडनाव, ते सारखे असेल तरच नाव, मग वडिलांचे नाव, अशी उतरंड हवी.

अक्षरांचा क्रम ही आणखी एक अडचण, आणि तिच्याकडे ही कृती शिकवणारे ढुंकूनही पाहत नाहीत. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात तो ‘ल’ला लागून, ‘व’च्या आधी आहे. त्यामुळे माहितीसंचाला मराठी क्रम निवडून दिला नाही, तर ‘काळे’ हे ‘कावळे’ आणि ‘कासार’ यांच्या आधी येतात. बाईंनी हाताने लावलेल्या यादीत ते दोघांच्याही नंतर असत. ‘गोऱ्हे’ या आडनावातला अर्धा र तर दोन प्रकारे साठवता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण नुसते संकेतांक ताडून पाहणाऱ्या संगणकाला ती दोन वेगळी आडनावे वाटतात. शोध घेतला की निम्मे गोऱ्हे सापडतच नाहीत.

डोनाल्ड क्नुथ यांनी क्रमवारी आणि शोध या विषयावरच्या आपल्या १९७३ च्या ग्रंथात, अगदी सुरुवातीलाच, ग्रंथालयाची कार्डे लावण्याचा प्रश्न स्वाध्याय म्हणून दिला आहे. वर्गात हे करायला संगणकही लागत नाही. वर दिलेली आडनावे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहा, मुलांचे चार गट करा, प्रत्येकाला एक संच द्या आणि लावायला सांगा. चार याद्या बहुधा सारख्या येणार नाहीत. मग प्रत्येक गटाने आपला नियम फळ्यावर लिहावा, आणि तो नियम ज्याचे नाव मोडतो असा विद्यार्थी वर्गातच शोधून काढावा.